शुभाच्या नंबरवरून

रविवार, २९ जून २०२५

आज बाजार भरला. सकाळी पाऊस होता, नंतर थांबला. बहुतेक सगळे शेतकरी आले. शेवळं आणि भेंडी लवकर संपली. दुपारी शेड धुऊन घेतली, चावी वॉचमनकडे दिली, घरी येऊन वरणभात केला.

एवढं लिहून डायरी मिटली होती. पडून राहवेना म्हणून पुन्हा उघडली. ही डायरी शर्मिष्ठाच्या बँकेची. ती शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहते, बाजाराच्या कामात शुभाला मदत करायची, आता मला करते. मे महिन्यात डायरी हातात ठेवून म्हणाली, "काका, बोलत नाही तर लिहा तरी." वर्ष अर्धं संपत आलं की अशा डायऱ्या फुकट उरतात, त्यातली असणार.

सुरुवात केलीच आहे तर नीट लिहितो. बोरिवलीत आमच्या घराजवळच्या शाळेच्या शेडमध्ये रविवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. विक्रमगड आणि वाड्याकडचे शेतकरी टेम्पोने येतात. नियम एकच, जो पिकवतो त्यानेच विकायचं. हे सगळं शुभाने, माझ्या बायकोने, उभं केलं. मार्चमध्ये ती गेली. तेराव्यानंतरच्या रविवारी खाली टेम्पो येऊन उभा राहिला आणि शेड उघडायला कोणीच नव्हतं, म्हणून मी गेलो. तेव्हापासून जातो. दुसरं कोणी मिळेपर्यंत.

मी ड्राफ्ट्समन होतो. आखलेलं नसलं की मला सुचत नाही. शुभाच्या वेळी जो जिथे बसेल तिथे बसायचा. मी शेडचा नकाशा काढला, माणसांना जायला वाट सोडली आणि काल चुन्याने चौकोन आखून आलो. आज सगळे जिथे बसायचे तिथेच बसले. विक्रमगडच्या लहूने रेघेच्या बरोबर मधोमध पोतं अंथरलं.

"काका, रेघ दिसली नाय," म्हणाला.

रेघ चार बोटं जाड होती.

सखुबाई लहूच्याच पाड्यावरची. ती पालेभाज्या आणते. बाजार उठताना दर रविवारी तिच्याकडे अळूची एक जुडी उरते आणि ती माझ्या पिशवीत टाकते. "ऱ्हायलंय, न्या." जुडी निवडलेली असते, देठ सोलून दोऱ्याने बांधलेले. उरलेल्या मालावर ती एवढी मेहनत का घेते कळत नाही. आज तिला बाजूला घेऊन समजावलं. सखुबाई, दर आठवड्याला एक जुडी उरतेच, म्हणजे तेवढं जास्त कापलं जातं. एक जुडी कमी कापत जा, वाया जाणार नाही.

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "बरं," म्हणाली आणि टोपली उचलून टेम्पोकडे गेली. पटलेलं दिसलं.

बुधवार, २ जुलै

निरोप टाकला.

बाजाराचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. शेतकरी, गिऱ्हाईकं, सगळे त्यात. बुधवारी शुभा निरोप टाकायची. रविवारी काय काय हवं, कोणी काय आणावं, असा. तो बघून शेतकरी शनिवारी भाजी कापतात. निरोप गेला नाही तर कापणी नाही. तिचा फोन मी चालू ठेवला आहे. सगळ्यांकडे तिचाच नंबर आहे, ग्रुपही तिचाच. सगळं होतं तसंच राहिलं तर कोणाचा गोंधळ होत नाही.

मला तिच्यासारखं लिहिता येत नाही. म्हणून गेल्या वर्षीचा त्याच आठवड्याचा निरोप काढतो, तारीख बदलतो आणि टाकतो. भाज्या त्याच असतात. पद्धत चांगली सापडली.

लहूचं उत्तर आलं, "हो ताई." सवय माणसाला लवकर सोडत नाही.

रविवार, ६ जुलै

बाजार भरला. सखुबाईकडे काही उरलं नाही. तिने ऐकलं. आज ती फार बोलली नाही, घाईत असावी.

येताना कोपऱ्यावरच्या गाडीवरून अळू घेतलं. खाजरं निघालं.

मंगळवार, १५ जुलै

घरात बसवत नाही. सकाळी पंख्याची पाती पुसली. मग गॅलरीतल्या कुंड्या इकडच्या तिकडे केल्या आणि दुपारी परत होत्या तिथे ठेवल्या. रुचिकाचा मुलुंडहून फोन आला तेव्हा मी स्टुलावर उभा होतो. "बाबा, तू स्टुलावर कशाला चढलायस?" कसं कळलं विचारलं तर म्हणाली, आवाज वरून येतोय. माझी मुलगी आहे, असं बोलते.

फ्रीजर उघडला तर सायीचे डबे. शुभा रोज दुधावरची साय काढून ठेवायची, डबा भरला की लोणी, मग तूप. मी साय काढतो. पुढचं करत नाही. टाकूनही देत नाही. आता बर्फाला जागा उरली नाही.

रविवार, २० जुलै

बाजार भरला. नंतर शाळेच्या ट्रस्टचे सेक्रेटरी आले. छत्री मिटली नाही, शेडच्या पागोळीखालीच उभे राहून बोलले.

"आजगावकर, परवानगी मॅडमच्या नावावर आहे. मॅडम नाहीत. चौदा ऑगस्टपर्यंत नवा अर्ज द्या. जबाबदार व्यक्तीचं नाव पाहिजे. नाहीतर कराटेवाला रविवारची शेड मागतोय."

मी हो म्हणालो. ते गेल्यावर शर्मिष्ठा म्हणाली, "त्यात काय, तुमचं नाव टाका."

"तुझं टाकू या. तू सुरुवातीपासून आहेस."

"काका, माझी बँक, दोन पोरं, सासूबाईंचा गुडघा. मी इथली हमाल आहे. हमालाला मालक करू नका."

मी तिला समजावलं की हा बाजार लोकांशी बोलण्यावर चालतो. शुभा गेटपासून शेडच्या टोकाला जायची तर तिला अर्धा तास लागायचा. मी जातो आणि येतो. माझ्यासाठी इथे कोणी येत नाही. ती म्हणाली, "बरं." आजकाल सगळे मला बरं म्हणतात.

आमचं बोलणं चालू असताना फिलोमिनाबाई थांबून राहिल्या होत्या. रिटायर्ड नर्स, चर्चच्या पलीकडे राहतात. बाजार उठल्यावर दर वेळी मला विचारतात, आज काय जेवणार. मी सांगतो. बहुधा भाजीच्या खपाचा अंदाज घेत असतात.

मंगळवार, २९ जुलै

नागपंचमी. यंदा आमच्याकडे सण नाही, वर्ष व्हायचं आहे. शेजारच्या वहिनींनी ताटलीत पातोळे आणून दिले. हळदीच्या पानाचा वास संध्याकाळपर्यंत घरात होता. एक खाल्ला. शुभा गुळात थोडं जायफळ घालायची.

ताटली धुऊन लगेच परत केली. रिकामी द्यायची नसते हे परत आल्यावर आठवलं.

बुधवार, ३० जुलै

निरोप टाकला. गेल्या वर्षीचा लांबलचक होता. वरची तारीख बदलली, पहिल्या चार ओळी वाचल्या, बाकी तसाच गेला. माझं लक्ष अर्जात होतं. सोसायटीतल्या दोघांना विचारून आलो. एकाला पाठीचा त्रास आहे, दुसऱ्याला रविवार झोपेला लागतो.

आज उत्तरं बरीच आली. नेहमी अंगठे येतात, आज हात जोडलेले. सखुबाईचा आवाजही आला लहूच्या फोनवरून. "हां ताई, आनतू." काय आणते ते समजलं नाही. आणणारच असेल काहीतरी.

रविवार, ३ ऑगस्ट

आज चूक झाली. नीट लिहून ठेवतो.

टेम्पोचं मागचं फळकूट खाली घेतलं तेव्हा भाजीच्या आधी वास आला. हळदीची पानं. लहूकडे भारे, वाड्याहून येणाऱ्या दोन घरांकडे भारे, सखुबाईकडे दोन गोणी ठेचून भरलेल्या. ज्यांच्याकडे हळद लावलेली नाही त्यांनी शेजाऱ्याकडून मागून आणलेली.

मी लहूला विचारलं, हे काय.

"ताईंनी मागितली ना."

शुभाचा फोन काढून निरोप शेवटपर्यंत वाचला. खाली होतं, "ज्यांच्याकडे हळदीची पानं असतील त्यांनी भरपूर आणा. सगळ्यांना पातोळे करायचेत. मला पण हवीत." गेल्या वर्षी या रविवारनंतर पंचमी होती. यंदा ती मंगळवारी होऊन गेली. तिथी मागे सरकते हे मला समजायला हवं होतं.

शर्मिष्ठा गोण्यांकडे बघत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "वाट लागली. काका, एवढी पानं कोण खाणार?"

"पानं खात नाहीत," मी म्हणालो.

"ते मला माहीत आहे हो."

मी सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि माफी मागितली. निरोप जुना होता, मी न वाचता पाठवला, पंचमी झालेली आहे, तुमची मेहनत फुकट गेली.  लहू मी काल पुन्हा मारलेल्या रेघेचा चुना पायाने उकरत होता. मग सखुबाई म्हणाली, "तुमी कशाला माफी मागता? मागितली तिनं. मागल्या सालाला पन हेच लिवलं व्हतं."

म्हणजे निरोप जुना आहे हे तिला ठाऊक होतं. पंचमी झाली हेही ठाऊक असणार, तिच्या पाड्यावरही पंचमी असते. तरी दोन गोणी वाहून आणल्या. आणि कोणीच फोन करून विचारलं नाही. याचा मी बराच विचार केला, उलगडा झाला नाही.

चूक माझी, म्हणून पानं मीच विकायला बसलो. गेटपाशी टेबल मांडलं. येणारा प्रत्येक जण विचारायचा, हे कशाचं, आणि मला सांगावं लागायचं. तांदळाचं पीठ पानावर किती पातळ पसरायचं. सारण एकाच बाजूला. पान मिटल्यावर उभं ठेवायचं नाही, आडवं. शुभा मोदकपात्रात खाली एक पान पसरायची, त्याने पाण्यालाच वास लागतो. जायफळाचंही सांगितलं. एक गुजराती बाई म्हणाल्या, पानं घेते पण फोनवर सगळं बोला, रेकॉर्ड करते. बोललो.

फिलोमिनाबाईंनी एक जाड जुडी घेतली. "आमच्यात पंधरा ऑगस्टला करतात पातोळ्या, मरियेच्या सणाला. ही तोपर्यंत टिकायची नाहीत, ही मी आज करते. पुढच्या रविवारी ताजी मिळतील ना?"

मिळतील म्हणालो.

सगळी नाही खपली. उरलेली प्रत्येकाने माझ्या पिशवीत कोंबली. "ताईला पन हवीत ना," सखुबाई म्हणाली. घसा बसला आहे. इतकं बोलायची सवय नाही.

रुचिका मुलुंडहून न सांगता आली होती. मी टेबलामागे असताना ती गेटच्या बाहेर उभी होती, किती वेळ माहीत नाही. घरी आल्यावर तिने चहा केला आणि मग बोलली.

"बुधवारी मी मीटिंगमध्ये होते. फोन टेबलावर. ग्रुपवर आईचा फोटो आला. मला पण हवीत. मी उठून बाहेर गेले."

"जुना मेसेज होता तो."

"जुनाच होता. मागच्या वर्षी मीच तिला टाइप करून दिला होता, इथे याच टेबलावर बसून. दर बुधवारी येतं बाबा ते. दर बुधवारी एक क्षण मला वाटतं की..."

मी म्हणालो, मग मला सांगायचं होतंस.

"काय सांगू? आईला गप्प कर?"

मी म्हणालो की ती ग्रुपमधून बाहेर पडू शकते, त्याला एक बटण आहे.

"तेच तर जमत नाही रे."

कप उचलून ती आत गेली, नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आली तेव्हा चेहरा धुतलेला होता. मग म्हणाली, बाजार सोड, काही दिवस मुलुंडला ये. "तो आईचा होता. तुझं काय आहे त्यात?"

तिच्या डब्यात पानं भरून दिली.

बुधवार, ६ ऑगस्ट

गेल्या वर्षीचा निरोप काढून बसलो. तारीख बदलली. रुचिका ऑफिसात असेल. फोन खाली ठेवला.

माझ्या फोनवर लिहायला घेतलं. "सर्वांना कळवण्यात येते की". खोडलं. माझा नंबर कोणाकडे नाही. कोण हा, म्हणतील.

हॉलमधून गॅलरीत गेलो, गॅलरीतून हॉलमध्ये. दोन्ही फोन टीपॉयवर ठेवून खाली उतरलो आणि शाळेपर्यंत चालत जाऊन आलो. शाळा बंद होती.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

निरोप टाकलेला नाही. उद्या कापणी.

संध्याकाळी शुभाच्या फोनवर लहूचा फोन आला. मी हॅलो म्हणालो.

"काका, कापायचं का नाय?"

ताईंना द्या असं न म्हणता त्याने सरळ काका म्हटलं. मी म्हणालो, बाजार आहे, या. त्याने विचारलं, सगळ्यांना सांगितलं का. मी म्हणालो, तू सांग. "सांगतू. पन माझं कोन ऐकनार, काका."

रविवार, १० ऑगस्ट

टेम्पोत जागाच जागा होती. लहू, वाड्याचं एक घर, मध आणि तांदूळवाला. सखुबाई नाही.

लहूला विचारलं, बरं नाही का तिला.

"बरी हाय. ती बोलली, बोलावनं नाय तं कशाला जावा."

गिऱ्हाईकं आली, एक चक्कर मारून गेली. बाजार बंद होतोय का, असं चौघांनी तरी विचारलं. फिलोमिनाबाई कापडी पिशवी घेऊन आल्या, पानांसाठी. कोणी आणली नव्हती, आणा म्हणून सांगितलंच नव्हतं. मला त्यांच्या तोंडाकडे पाहवेना. थांबा म्हणालो, घरी गेलो आणि फ्रीजमध्ये ओल्या फडक्यात ठेवलेली होती ती आणून दिली. दोनतीन मागे राहिली. त्या म्हणाल्या, "तुमच्यासाठी ठेवली ना?" मी हो म्हणालो, कशासाठी ते त्यांनी विचारलं नाही.

शेड धुताना शर्मिष्ठा झाडू आपटत होती. मग थांबली.

"काका, शुभाताई गेल्या तेव्हासुद्धा बाजार एवढा बसला नव्हता. तुम्ही या बुधवारी गप्प बसलात आणि बसला."

"निरोप तिच्या नावाने जात होता. तो थांबला म्हणून."

"ताईंच्या नावाने काय? जूनमध्ये तुम्ही टाकलंत, आंबे संपत आलेत, घाई करा. यंदा मेमध्येच पाऊस, आंबे कधीच संपलेले. सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे ते तुम्ही आहात म्हणून."

"मग लहू हो ताई असं का लिहितो?"

"आता तुम्हीच लिहिता त्यांच्या नावाने, तर तो काय लिहिणार? हो काका? तुम्हाला कसं वाटलं असतं?"

मी पाण्याची बादली उचलली. तिने ती माझ्या हातातून घेतली.

"तुम्हाला वाटतं कोणी तुमच्यासाठी येत नाही. सखुबाई विचारत होती मला, काकांना माझं अळू आवडत नाही का. काय सांगायचं मी तिला?"

ती उरलेली जुडी होती, मी म्हणालो.

"हो का," शर्मिष्ठा म्हणाली आणि बादली ओतली.

सोमवार, ११ ऑगस्ट

अळू उरत नाही. आज विचार केला. पावसात अळू सगळ्यात आधी संपतं, तिच्यापाशी रांग असते. कधीच उरायला नको होतं.

मार्च ते जून. प्रत्येक रविवारी.

मंगळवार, १२ ऑगस्ट

ट्रस्टच्या ऑफिसात गेलो. सेक्रेटरी साहेब चष्मा पुसत होते. कोरा कागद मागितला. म्हणाले, "कोण मिळालं शेवटी?"

मी लिहीत होतो. त्यांनी उलट बाजूने वाचलं.

"तुम्ही? मॅडम फार भांडायच्या हो. दिवे, पाणी, गेट उघडायची वेळ. प्रत्येक गोष्टीसाठी वर यायच्या."

"मी भांडत नाही."

"ते दिसतंय. म्हणून तर विचारतो, चालवेल का तुमच्याच्याने?"

मला खोटं बोलायचं नव्हतं. माहीत नाही म्हणालो. मग शेडच्या मागच्या नळाला पाणी येत नाही, ते त्यांना सांगितलं. शेतकऱ्यांना भाजी धुवायला लांब जावं लागतं. प्लंबर पाठवतो म्हणाले. कधी, असं विचारलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मी खुर्ची ओढून बसलो. बघून सांगतो म्हणाले. मी तिथेच बसलो, तेव्हा त्यांनी फोन उचलला. प्लंबर शनिवारी येणार.

परत येताना रुचिकाला फोन केला. सांगितलं की बाजारासाठी माझं नाव दिलं आहे, आणि यापुढे आईच्या नंबरवरून काही येणार नाही. ती मग म्हणाली, "काहीच नाही?"

"नाही."

"बरं," म्हणाली. नंतर म्हणाली, "मुलुंडला येशील ना पण? सोमवारी येत जा. सोमवारी बाजार नसतो."

बुधवार, १३ ऑगस्ट

शुभाच्या फोनवरून माझा नंबर ग्रुपचा अ‍ॅडमिन केला. तिला ग्रुपमधून काढलेलं नाही. फोन बंद करून तिच्या कपाटात ठेवला.

मग लिहिलं. सकाळ गेली. जे पाठवलं ते असं :

"सर्वांना नमस्कार. हा नंबर माझा आहे. मी शुभाचा नवरा, शेडमध्ये रेघा मारणारा. बुधवारचा निरोप यापुढे मी पाठवीन. मला तिच्यासारखा लिहिता येत नाही. येत्या रविवारी, १७ तारखेला, बाजार आहे. भेंडी, पडवळ, शिराळी, काकडी हवी. जागा जुन्याच, रेघा मारणार नाही. मागच्या नळाला पाणी येईल असं सांगितलं आहे, न आल्यास मला सांगावं. गेल्या बुधवारी निरोप गेला नाही ही माझी चूक. सखुबाईंनी यावं. अळू आणावं. एक जुडी मला पण हवी."

पाठवलं आणि फोन हॉलमध्ये उलटा ठेवला. लगेच घरातून बाहेर पडावंसं वाटलं. चप्पल घातली, काढली.

मग फ्रीजरमधले सायीचे डबे बाहेर काढले. वितळायला दुपार गेली. सगळ्यात खालच्या डब्याला वास लागला होता, तो टाकला. बाकीचं मोठ्या पातेल्यात घेऊन घुसळलं. लोणी येत नाही असं वाटलं, हात भरून आला, आणि मग एकदम आलं. धुऊन गॅसवर ठेवलं. शेजारच्या वहिनींना दारातूनच विचारून आलो होतो, हळदीचं पान कधी टाकायचं. त्या म्हणाल्या, तूप सुटायला लागलं की, आणि मग तिथून हलू नका, क्षणात करपतं.

गॅस बारीक आहे. डायरी ओट्यावर ठेवून उभ्या उभ्या लिहितो आहे. फेस वर येतो, खाली बसतो. फ्रीजमधली पानं कडेने थोडी पिवळी पडली होती, तेवढं कापून एक टाकलं. तडतडलं.

हॉलमध्ये फोन वाजतो आहे. एकदा वाजला, मग परत, मग लागोपाठ. कोणाचं काय ते पाहायला हवं. पण तूप आता रंगावर आलं आहे, चमच्याने तळ हलवत राहावं लागतं. झालं की गाळून घेईन, मग बघीन.